मलकापूरच्या बँडचा परदेशी मास्तर

मलकापुरातल्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी भर रस्त्यात वरात थांबवली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा मानूस नुसता काडी हलवून राह्यला. ना ढोल, ना बाजा. याले कायले आनलं?"

रशीदमियाँ बँडचे मालक आणि पहिले क्लॅरिनेटवाले. त्यांनी तोंडातलं क्लॅरिनेट काढलं, मिशीवरचा घाम पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मामाजी, गाडीवान बी गाडी ओढत नाई. जरा त्याले खाली उतरवून पाहा बरं."

मामा हसले, वरात पुढे निघाली. माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या मला नंतर कुठल्या पुस्तकात सापडली नाही. तरीही या अंकाच्या संपादकांनी "तुम्ही नेमकं काय करत होता ते लिहा" म्हटलं आहे, तर थोडं सांगतो.

दहा माणसं एकत्र वाजवतात किंवा शंभर मुलं एकत्र गातात तेव्हा प्रत्येकाला आपलाच आवाज सगळ्यात जवळून ऐकू येतो. सगळ्यांचा मिळून काय आवाज होतो आहे, ते ऐकणारा एक माणूस समोर लागतो. कुणी पुढे पळतोय, कुणी मागे रेंगाळतोय, कुणाचा सूर उतरलाय, हे त्याने ओळखायचं आणि तोंडाने एक शब्द न बोलता सुधारायचं. पहिला सूर निघण्याआधी त्याचा हात वर जातो. त्या हाताबरोबर सगळ्यांनी श्वास घ्यायचा असतो. तो श्वास एकत्र घेतला गेला की निम्मं काम झालं. नाही घेतला, तर पुढे देवही काही करू शकत नाही. हातातल्या काडीत जादू नसते. मी तर वाळलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची काडी सोलून वापरायचो. हलकी असते, सरळ असते आणि आमच्या भागात तिला तोटा नाही.

"आमच्या भागात" असं मी सहज लिहून गेलो. खरं तर मी इथला नव्हे. माझा जन्म गोव्यातला, साष्टीतल्या एका लहान गावातला. नाव कायतान. वडील गावच्या चर्चचे मेस्त होते. मेस्त म्हणजे गाणाऱ्यांचा आणि वाजवणाऱ्यांचा प्रमुख. पोरांना सूर शिकवणं, सणाच्या दिवशी गायकवृंद उभा करणं, लग्नाला आणि मयताला बँड नेणं, सगळं त्यांच्याकडे. मी त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकलो, बाजे शिकलो आणि त्यांच्यामागे गादी मलाच चालवायची हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मी मात्र विसाव्या वर्षी मुंबईला पळालो आणि एका हॉटेलच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागलो. लोक जेवत असत, आम्ही वाजवत असू. आमच्याकडे कुणी पाहत नसे.

भेंडीबाजारातल्या वाद्यांच्या एका दुकानात रशीदमियाँ भेटले. ते मलकापूरहून जुनं क्लॅरिनेट दुरुस्त करून घ्यायला आले होते. दुकानदाराने त्यावर बसवलेली एक पट्टी मला नीट वाटली नाही, म्हणून मी बोललो. तेवढ्यावरून ओळख झाली. चहा पिताना ते म्हणाले, "माझ्याकडं वाजवनारे लय आहेत मास्तर, पन ऐकनारा कोनी नाई. एक सीझन या ना आमच्याकडं."

एक सीझन म्हणून आलो. पुढचं सगळं आयुष्य इथेच गेलं.

मलकापूरच्या जिभेला 'कायतान' काही वळला नाही. आठ दिवसांत मी 'कप्तान मास्तर' झालो. कागदोपत्री मात्र मी पोर्तुगीज होतो. तेव्हा गोवा भारतात नव्हता. तिकडे जायचं तर परवाना, परत यायचं तर परवाना, आणि दोन्ही मिळणं मुश्कील. म्हणजे मुंबई-नागपूर लोहमार्गावरच्या या कापसाच्या गावात मी खऱ्या अर्थाने परदेशात नोकरी करत होतो. फक्त इथल्या माणसांनी मला ते फारसं जाणवू दिलं नाही.

बँडमधली माणसं पावसाळ्यात शेती करायची, काही कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची आणि लग्नसराई आली की लाल कोट घालायची. कागदावरचं संगीत कुणाला वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेली चाल कुणी विसरत नव्हतं. अडचण एवढीच की सगळे एकच चाल वाजवायचे, आणि जेवढा जीव असेल तेवढ्या जोरात. मी आल्या आल्या त्यांना वेगवेगळे सूर वाटून दिले. एकाने चाल वाजवायची, दुसऱ्याने तिच्या खालून जायचं, तिसऱ्याने आणखी खालून. तालमीत सुंदर झालं. पहिल्याच लग्नात नवरीचे वडील धावत आले. "अरे, त्या दोघा-तिघाईचं चुकून राह्यलं! त्याईले गप बसवा!"

मी हिरमुसलो. रशीदमियाँनी रात्रीच्या जेवणात समजूत काढली. "मास्तर, लोनचं बेस आहे तुमचं. पन ताटात कोनी आधी लोनचं वाढत नाई."

तेव्हापासून आमच्या बँडमध्ये आधी चाल सरळ यायची. लोकांच्या ओळखीची झाली की मग हळूच खालचे सूर. दोन लग्नसराया गेल्यावर मलकापूरकर दुसऱ्या बँडवाल्यांना सांगू लागले, "तुमचं सपाट वाजते बे." तो दिवस मी स्वतःशी साजरा केला.

माझ्या नशिबाला वळण देणारी वरात मात्र सरकीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाची. गोरज मुहूर्त होता, उन्हं कलली होती. आम्ही स्टेशनकडच्या एका अरुंद गल्लीत शिरलो आणि एका घरातून एक माणूस हात जोडत धावत आला.

"वडील फार सीरियस आहेत. डॉक्टर आत बसून आहे. एवढी गल्ली बाजा बंद करा, पाया पडतो."

नवरदेवाचे वडील घोड्यापुढे चालत होते. त्यांचा चेहरा पडला. "भाऊ, तुमचं दुःख मले समजते. पन एकुलता एक पोरगा आहे माझा. मुकी वरात नेऊ काय मी? अपशकुन होते." मागून वऱ्हाडातली तरणी पोरं पुढे सरकली, गल्लीतल्या घरांतूनही माणसं बाहेर आली. आवाज चढू लागले. गल्ली इतकी अरुंद की वरात मागेही फिरवता येईना.

मी रशीदमियाँच्या कानात म्हटलं, "बंद नको. हळू वाजवू."

"पितळ हळू वाजते का कधी मास्तर?"

"वाजतं. आपण तालमीत वाजवलंय."

बाहेरच्या माणसाला वाटतं, जोरात वाजवणं कठीण. तसं नाही. जोरात कुणीही फुंकतो. अगदी थोड्या श्वासात सूर मरू न देणं, तो थरथरू न देणं, याला पोटातला जोर लागतो आणि धीर लागतो. मी रोज सकाळी रशीदमियाँच्या दारापुढच्या चिंचेखाली बँडकडून हे करून घ्यायचो. त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. लग्नात याचा उपयोग काय, असं ते विचारायचे, आणि मलाही उत्तर माहीत नव्हतं.

मी सगळ्यांना टोप्या काढून बाज्यांच्या तोंडावर धरायला लावल्या. करवलीच्या अंगावरची शाल मागून घेतली आणि ढोलावर घातली. कुठली चाल घ्यावी? रशीदमियाँनी विचारलं नाही, त्यांनी सरळ जात्यावरच्या ओवीची चाल धरली. त्यांच्या आईची, ढोलवाल्याच्या आईची, गल्लीतल्या प्रत्येकाच्या आईची ती चाल. मी हात वर केला. सगळ्यांनी श्वास घेतला आणि पितळेतून आवाज निघाला तो भिंतीपलीकडून कुणी गुणगुणावं तसा. घोड्याच्या पायातले घुंगरू त्याच्याहून मोठे वाजत होते. भांडायला पुढे आलेली पोरं आपोआप पावलं जपून टाकू लागली. त्या घरापुढून वरात गेली तेव्हा हात जोडणारा माणूस दारात तसाच उभा होता, फक्त आता रडत होता.

गल्ली संपली. मी टोप्या काढायची खूण करणार, तोच नवरदेवाचे वडील म्हणाले, "राहू द्या मास्तर. मांडवापर्यंत असंच चालू द्या."

घरातले म्हातारबुवा काही त्या दिवशी गेले नाहीत. महिन्याभरात ते उठून ओट्यावर बसू लागले आणि पुढची दोन वर्षं समोरून जाणाऱ्या प्रत्येक बँडला नावं ठेवत राहिले. आमच्या बँडलाही.

त्यांची मुलगी सुमनबाई. बुलढाण्याला मुलींच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि वडिलांच्या आजारपणासाठी तेव्हा माहेरी आलेल्या होत्या. आठवड्याने त्या रशीदमियाँच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ताठ बाई, आवाजात हुकूम करण्याची सवय.

"मास्तर, तुम्ही पितळेला कुजबुजायला लावलंत. माझ्या शाळेतल्या मुली प्रार्थना म्हणतात तेव्हा झाडावरचे कावळे उडून जातात. त्यांचं काही करता येईल का?"

महाराष्ट्राचं नवं राज्य व्हायचं होतं. बुलढाण्याला मोठा कार्यक्रम ठरत होता. तिथल्या तीन शाळांच्या मुलामुलींनी एक गाणं गावं, साथीला बँड असावा, असं सुमनबाईंच्या मनात होतं. गाणं त्यांनीच लिहिलं होतं. चाल मी बांधावी अशी त्यांची इच्छा. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं सुचलंच नाही.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. मलकापूरहून मोटारीने निघायचं, मोताळा मागे टाकायचं, राजूर घाट चढायचा आणि वर आलं की हवा बदललेली. खाली भट्टी, वर वारा. मुलं मात्र दोन्हीकडे सारखीच. गाणं म्हणजे ओरडणं, हे त्यांच्या मनात पक्कं. शेतात राखणीला बसून पाखरं हाकलणारे ते गळे. आवाज सुरेख, पण प्रत्येक जण एकटाच गातोय असा.

मी त्यांना एकच नियम दिला. शेजारच्याचा आवाज तुला ऐकू आला नाही, तर तुझा आवाज मोठा आहे. बस. पंधरा दिवस आम्ही गाण्याचे शब्द घेतलेच नाहीत, फक्त 'आ' म्हणत एकमेकांना ऐकत राहिलो. मग मी त्यांचे दोन गट केले. एका गटाला चाल, दुसऱ्याला खालची चाल. मुलं गोंधळली. मी फळ्यावर काढून दाखवलं, हातवारे केले, कुणाला काही कळेना. शेवटी चौथ्या रांगेतली एक मुलगी उठली.

"मास्तर, म्हंजे बैल दोन, औत एक. पन पाय आपापले टाकायचे. असंच ना?"

"हाव," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघालेला तो पहिला वऱ्हाडी शब्द. सगळा वर्ग हसला, आणि त्यानंतर गाणं जमू लागलं.

कार्यक्रम जवळ आला तशी समितीची बैठक झाली. समितीत एक वकीलसाहेब होते. उत्तम पेटी वाजवायचे आणि आमच्या गाण्याला पेटीची साथ तेच करणार होते. तालमींना ते आले नव्हते, कोर्टाची कामं होती. बैठकीत त्यांनी पहिल्यांदा चौकशी केली की हे मास्तर कुठले, आणि उत्तर ऐकून ते उभेच राहिले.

"आपलं राज्य होऊन राह्यलं, आन त्या दिवशी आपल्या पोट्ट्याईपुढं हात हलवनार कोन? तर पोर्तुगालचा मानूस? मले हे मान्य नाई."

सुमनबाई भडकल्या. "वकीलसाहेब, ते गोव्याचे आहेत!"

"कागदावर कोनाचे आहेत? तुम्हीच सांगा मास्तर."

मी खरं तेच सांगितलं. "कागदावर पोर्तुगालचा."

वकीलसाहेब माझ्याकडे न बघता बोलत राहिले. त्यांचा धाकटा भाऊ सत्याग्रही म्हणून गोव्याच्या हद्दीवर गेला होता. पायात गोळी घेऊन परत आला आणि आता काठीशिवाय चालू शकत नव्हता. हे बोलताना त्यांचा आवाज वकिली राहिला नाही. मला त्यांचा राग येईना. ती गोळी ज्या सरकारची होती त्याचाच शिक्का माझ्या कागदावर होता. आणि त्याच सरकारच्या परवान्यापायी मी वडिलांना कित्येक वर्षं पाहिलेलं नव्हतं. आमच्या दोघांचं दुखणं एकाच ठिकाणचं होतं, पण भर बैठकीत ते सांगणार कसं?

ठराव झाला. परदेशी नागरिकाने मंचावर येऊ नये.

बाहेर आल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "तुम्ही समोर नसाल तर माझ्या मुली गाणार नाहीत. मी कार्यक्रमातून शाळा काढून घेते."

मी त्यांना थांबवलं. "बाई, ठराव पुन्हा वाचा. मंचावर येऊ नये म्हटलंय. गाणाऱ्यांच्या समोर उभं राहणाऱ्याची जागा मंचावर नसतेच. ती मंचाखाली, प्रेक्षकांकडे पाठ करून असते. मी तसाही तिथेच उभा राहणार होतो."

सुमनबाई भर रस्त्यात मोठ्याने हसल्या. मुख्याध्यापिका अशा हसतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कार्यक्रमाची सकाळ उजाडली. मैदान भरलं होतं. देऊळघाट, चिखली, पार संग्रामपूरकडूनही माणसं आली होती. मुलं मंचावर कापडी मांडवाच्या सावलीत उभी, पेटी घेऊन वकीलसाहेबही तिथेच. बँडला मात्र मंचावर जागा पुरली नाही, म्हणून तो खाली माझ्या उजव्या हाताला, उघड्यावर. सकाळच्या गारव्यात आम्ही पेटी आणि बाजे एका सुरात मिळवून घेतले होते. वकीलसाहेब माझ्याशी कामापुरतं बोलले. मग भाषणं सुरू झाली.

भाषणं संपेनात. एक पाहुणा बसला की दुसरा उठे. ऊन वर आलं. बँडच्या पितळेला हात लावला तर चटका बसेल अशी परिस्थिती झाली, आणि माझं भाषणातलं लक्ष उडालं. का ते सांगतो. फुंकून वाजवायची वाद्यं तापली की त्यांचा सूर चढतो. पेटीचा सूर तसा चढत नाही. त्यात पेटी सावलीत आणि बाजे उन्हात. सकाळी जुळलेले सूर आता जुळणार नव्हते. सुतार दार मापाने करतो आणि पावसात ते चौकटीत बसत नाही, तसं काहीसं. आणि दोघांच्या मध्ये सापडणार होती मुलं. पेटी एक 'सा' देणार, बँड दुसरा, आणि शंभर मुलं कुणाचा धरावा या गोंधळात तिसराच काढणार.

आमचं नाव पुकारलं गेलं. मी रशीदमियाँना हळू 'सा' द्यायला सांगितला. त्याचवेळी वकीलसाहेबांनी पेटीवर 'सा' धरला. दोन सूर एकमेकांवर घासले. अगदी थोडं अंतर, पण दातात वाळू यावी तसं. सूर उतरावा म्हणून बाजेवाल्यांनी नळ्या जेवढ्या बाहेर ओढता येतात तेवढ्या ओढल्या. फरक कमी झाला, गेला नाही. दोन्हींपैकी एक वाद्य गप्प करायला हवं होतं. बँड गप्प केला तर उघड्या मैदानावर मुलांना आधार राहत नव्हता. राहिली पेटी. आणि पेटीवर बसला होता तो माणूस ज्याने मला मंचावर येऊ दिलं नव्हतं. सगळ्या जिल्ह्यासमोर त्याला "थांबा" अशी खूण मी करायची?

मी मान वर केली. वकीलसाहेब माझ्याकडेच बघत होते. मी हात हलवण्याआधीच त्यांनी पेटीचा भाता मिटला, खटका लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग हनुवटीने रशीदमियाँकडे खूण केली. त्यांनाही ऐकू आलं होतं.

रशीदमियाँनी पुन्हा सूर दिला. आता एकच. मी ओठांवर बोट ठेवून मुलांना तो नुसता ऐकायला लावला. त्यांचे डोळे माझ्यावर, कान सुरावर. मैदानात चुळबुळ सुरू झाली, मागून कुणी शिट्टीही मारली. मी घाई केली नाही. मुलांच्या चेहऱ्यावर सूर बसलेला दिसतो, तो दिसेपर्यंत थांबलो. मग हात वर केला.

शंभर मुलांनी एकदम घेतलेला श्वास मी त्या दिवशी ऐकला. त्यानंतरचं गाणं लोकांनी ऐकलं. दुसऱ्या कडव्यात खालची चाल सुरू झाली तेव्हा मागची शिट्टीवाली मंडळीही गप्प होती. कुणी धावत येऊन "चुकून राह्यलं" म्हणालं नाही. गाणं संपल्यावर लोक आधी टाळ्या वाजवायला विसरले आणि मग थांबायला विसरले.

गर्दी पांगल्यावर वकीलसाहेब खाली आले. बरोबर काठी टेकत त्यांचा भाऊही होता. त्या भावाने माझा हात हातात घेतला. बोलले ते वकीलसाहेब.

"मास्तर, माझा विरोध तुमच्या कागदाले होता. कानाले नाई."

"समजलं मला."

"पुढच्या वर्षी बी तुम्हीच करा. पन उभे खालीच राहा. ठराव म्हनून नाई सांगत. तिथून बरं ऐकू येते."

त्यानंतर बुलढाण्याच्या त्या मैदानावर मी बरीच वर्षं खाली उभा राहिलो. धंद्याने मला खूप दिलं. खंत म्हणाल तर आहे. पन्नास व्हायोलिनं असलेला पूर्ण वाद्यवृंद एकदा तरी माझ्या हाताखाली वाजावा असं तरुणपणी वाटायचं, ते राहिलं. आता लग्नात ट्रकवर भोंगे येतात. मोठा लांब बाजा वाजवणारा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधावा लागतो. पण रडगाणं गायला मला कुणी शिकवलं नाही, आणि या वयात नवीन काही शिकायची इच्छा नाही.

एकच गोष्ट सांगायची राहिली. गोवा भारतात आला, परवाने संपले आणि पुढच्या उन्हाळ्यात माझे वडील मलकापूर स्टेशनवर उतरले. हातात व्हायोलिनची पेटी, डोक्यावर काळी हॅट, साष्टीच्या बाहेर उभ्या आयुष्यात कधी न पडलेला माणूस. थकले होते. मिठी सुटल्यावर ते पहिलं वाक्य कोकणीत बोलले. "हांव तुका व्हरूंक आयलां." मी तुला न्यायला आलोय.

त्यांचे हात आता थरथरत होते. चर्चच्या गायकवृंदाला मेस्त हवा होता आणि गावाने जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी त्यांच्या हातातली व्हायोलिनची पेटी घेतली आणि चालू लागलो. नाही कसं म्हणणार? इतक्या वर्षांनी बाप दिसला होता आणि तो काही चुकीचं मागत नव्हता.

वडील पंधरवडाभर राहिले. त्यांना मराठी येत नव्हती, रशीदमियाँना कोकणी येत नव्हती. दोघं रोज सकाळी चिंचेखाली बसायचे, एकाने व्हायोलिनवर काही काढायचं, दुसऱ्याने क्लॅरिनेटवर उत्तर द्यायचं. एकदा रशीदमियाँनी दोन सुरांच्या मधून एक लांब घसरण घेतली. वडिलांनी ती पुन्हा मागितली, पुन्हा मागितली आणि मग मला म्हणाले, "हा सूर लिहायला आपल्या कागदावर जागाच नाही रे." ज्वारीची भाकर त्यांना आवडली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आणलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतःहून मागितला.

त्या वर्षीच्या कार्यक्रमाला मी त्यांना बुलढाण्याला नेलं. ते पहिल्या रांगेत वकीलसाहेबांच्या शेजारी बसले. माझी त्यांच्याकडे पाठ होती. आधीच्या कुठल्याच कार्यक्रमात वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या दिवशी वाटली. गाणं संपलं, लोक उठले. वडील मंचाजवळ येऊन मुलांकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात डावीकडची मुलं रेंगाळतात." एवढंच. ते खरंही होतं.

घाट उतरताना मोटारीत ते खिडकीशी बसले होते. अर्धा घाट उतरल्यावर बोलले.

"गावाला मेस्त मिळेल. शेजारच्या गावात एक मुलगा आहे, कान चांगला आहे, मी शिकवीन त्याला. हात थरथरले तरी तोंड चालतं." थोड्या वेळाने म्हणाले, "ही मुलं गातात त्यातलं निम्मं तू शिकवलेलं नाहीस. ते त्यांचं इथलं आहे. तू फक्त ते ऐकलंस. आता त्यांना ऐकणारा दुसरा कुठून आणणार?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

चार दिवसांनी आम्ही त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो. डब्यात चढण्याआधी वडील रशीदमियाँकडे वळले आणि मला म्हणाले, "ह्यांना सांग, माझ्या मुलाला सांभाळा."

मी सांगितलं. रशीदमियाँनी वडिलांचे दोन्ही हात धरले आणि नकारार्थी मान हलवली.

"त्याईले म्हना, उलटं आहे. इतके वर्षं थोच आम्हाले सांभाळून राह्यला."

ते वाक्य मी कोकणीत जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी हॅट काढली, रशीदमियाँना वाकून नमस्कार केला आणि डब्यात चढले. गाडी भुसावळच्या दिशेने दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं फलाटावर उभे होतो.

"चला मास्तर," रशीदमियाँ म्हणाले, "सांजच्याले हळद आहे नांदुऱ्याले."

आम्ही नांदुऱ्याला गेलो. बँड चांगला वाजला. पावसाळा संपल्यावर मी चिंचेच्या पलीकडे जागा घेतली आणि मलकापुरात माझं घर बांधायला काढलं.